बदकांचा चोबेक

कासमुरी समुद्रातून जिवंत परत आला, पण जेवणावर काही परत आला नाही. चहा घ्यायचा, पेज घ्यायचा, तीही अर्धी वाटी. भाताचा घास तोंडात घातला की या गालातून त्या गालात फिरवत बसायचा आणि शेवटी उठून परसात थुंकून यायचा. त्याची बायको वारसिती दाराआडून बघायची. जाळी ओढणारा, एका बैठकीला तिघांचा भात संपवणारा हा गडी, आता त्याच्या गळ्याची हाडं सदऱ्याच्या वर आली होती आणि लुंगी कमरेवर ठरत नव्हती.

करांगसारी हे मच्छीमारांचं गाव. समुद्रानं माणूस नेला तर काय करायचं ते तिथल्या सगळ्यांना पाठ. पण नेलेला परत दिला आणि तो जेवेना, तर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावून झालं. तिथल्या डॉक्टरणीनं नीट तपासलं आणि सांगितलं, घशात बिघाड नाही, पोटात बिघाड नाही, घरी न्या आणि आवडीचं खायला घाला. इतकं सोपं औषध ऐकून वारसिती तिथल्या बाकावर बसून रडली. आवडीचंच तर ती रोज करत होती.

कासमुरीच्या आवडीचं म्हणजे सांबाल. लवंगी मिरच्या, छोटे कांदे, टोमॅटो, गुळाचा खडा, आणि निखाऱ्यावर भाजलेली तेरासी. जवळा मिठात आंबवायचा, उन्हात वाळवायचा, कुटायचा, परत वाळवायचा, परत कुटायचा, की त्याची काळपट वडी होते, ती तेरासी. हे सगळं चोबेकात वाटायचं. चोबेक म्हणजे दगडाची पसरट परात, तिच्यावर मुठीत मावणारा वाकडा वरवंटा. ते सांबाल पानावर नसेल तर त्या घरात भाताला भात म्हणत नसत.

आणि त्या घरची तेरासी म्हणजे काही साधीसुधी नव्हे. कासमुरीची आई, माक रामिसिह, उभ्या किनाऱ्यावर तेरासीसाठी नावाजलेली. तिची वडी भाजायला घेतली की तीन घरं पलीकडचा माणूस जेवायला उठतो असं लोक म्हणत, आणि माक ते नाकारत नसे. नम्रपणाची तिला कधी सवय नव्हती. नवरा लवकर गेला, दोन पोरं तिनं त्या वड्यांवर वाढवली. थोरला कासमुरी, धाकटा जुवादी.

वारसिती त्या घरात आली ती सुम्बिंग डोंगराच्या पोटातल्या गावातून. तिथे लसूण आणि तंबाखू पिकतो आणि समुद्र फक्त खारवलेल्या माशाच्या रूपात बाजाराच्या दिवशी येतो. त्या माशाच्या गाडीवर कासमुरी यायचा. वारसिती नाकाला पदर लावून भाव करायची आणि तो मुद्दाम मासा तिच्या नाकापुढे धरायचा. असं करता करता लग्न झालं आणि ती त्याला 'कांग' म्हणायला लागली, तिकडे नवऱ्याला म्हणतात तसं. निघताना आईनं तिला डोंगरच्या काळ्या दगडाचा लहानसा चोबेक दिला. डोंगराकडच्या मुली तो मांडीवर घेऊनच सासरी जातात.

पहिल्याच दिवशी तिनं त्यात माहेरचं सांबाल केलं. मिरची, लसूण, मीठ, वर कडकडीत तेल, बस्स. माकनं बोटानं चाटून बघितलं.

"हे सांबाल आहे की मिरची चुकून मिठात पडली?" माक म्हणाली. "तुमच्याकडे शेळ्यांना घालत असतील हे. माणसांच्या सांबालात तेरासी असते, पोरी."

दुसऱ्या दिवशी तो चोबेक परसात गेला आणि त्यात बदकांचं पाणी भरलं गेलं. वारसितीला लागलं, पण नव्या सुनेनं लागलेलं दाखवायचं नसतं. ती माकच्या मोठ्या चोबेकात तेरासी वाटायला शिकली. चांगली शिकली, इतकी की पुढे माक स्वतः वाटेनाशी झाली. एकट्या जुवादीला ते शेळ्यांचं सांबाल आवडलं होतं. तेव्हा तो शाळकरी पोर होता. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तिला 'यू' म्हणायचा आणि माक बाजारात गेली की चुलीपाशी येऊन बसायचा.

"यू, ते शेळ्यांचं कर की."

"माकला वास लागेल."

"माकला फक्त तेरासीचा वास येतो. बाकी तिचं नाक कधीच गेलंय."

मग ती एका वाटीत भरडून द्यायची आणि तो मागच्या दारानं पसार व्हायचा. मोठा होऊन भावाच्या बोटीवर जायला लागला तरी ही चोरी चालूच होती.

बोट बुडाली त्या मोसमात पश्चिमेचे वारे सुटले होते. अशा दिवसांत बोटी किनाऱ्याला बांधलेल्या असतात. मध्येच वारा पडलेला बघून दोघे भाऊ आणि आणखी दोघं निघाले, आणि वारा काही खरा पडलेला नव्हता. मालाच्या जहाजानं कासमुरीला एका प्लास्टिकच्या पिंपाला धरून तरंगताना उचललं. बाकी तिघांचा पत्ता लागला नाही. बोटीवर काय झालं, कोण कधी सुटलं, त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

इतर दोघांच्या घरी तहलील झाला, म्हणजे गेलेल्यासाठी प्रार्थना आणि गावजेवण. माकच्या घरीही मशिदीचा मोदिन विचारायला आला. माक ओसरीवर जवळा निवडत होती.

"काकी, जुवादीसाठी प्रार्थना कधी ठेवायची?"

"का? मेलंय कोण?" माकनं मान वर केली नाही. "एकाला जहाजानं उचललं तसं दुसऱ्याला उचललं नसेल कशावरून? लांबच्या बंदरात उतरवला असेल. येईल. येताना जळजळीत भूक घेऊन येईल माझा पोरगा."

मोदिन गेला. माक रोज जुवादीचं ताट मांडत राहिली. माश्या बसू नयेत म्हणून पालथं घालायची आणि शेजारी वाटीत सांबाल झाकून ठेवायची. संध्याकाळी ते सांबाल बदकांना जायचं, सकाळी नवं वाटलं जायचं. वारसितीच वाटायची.

अशा घरात एक माणूस येणार नाही आणि एक जेवणार नाही, आणि मध्ये ही. तिला कधी कधी वाटायचं, आपण चोबेकासमोर बसून नुसतं वाटत राहिलोय आणि ते कुणाच्याच पोटात जात नाही.

गावानं सल्ले दिले. सगळ्यांचा सल्ला एकच, तेरासी वाढव. दर्यावरचा माणूस तेरासीच्या वासानं घरी येतो, हे तिथे लहान मूलही सांगेल. वारसितीनं एकाच्या दोन वड्या केल्या. निखाऱ्यांची शेगडी कासमुरीच्या उशापाशी नेऊन तिथे तेरासी भाजली. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. शेवटी माकनं चुलीमागच्या फळीवरून सगळ्यात जुनी बरणी काढली. जुवादीच्या लग्नासाठी राखलेली ती. तोंडावरची लाख तिनं स्वतः फोडली.

"थोरला उठू दे. धाकटा आल्यावर दुसरी घालू," ती म्हणाली.

त्या दिवशीचं सांबाल इतकं सुरेख झालं होतं की वारसितीच्याच तोंडाला पाणी सुटलं. तिनं कासमुरीला टेकवून बसवलं, गरम भात कालवला आणि घास तोंडापाशी नेला. तो ओठाला लागला मात्र, कासमुरीला जी उलटी सुरू झाली ती थांबेना. पोटात काही नव्हतंच, नुसतं हिरवं पाणी. माक दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि बरणीचं तोंड बांधायला लागली.

वारसितीचा मात्र बांध फुटला. त्याचं तोंड पुसता पुसता ती त्याच्यावर ओरडली, लग्नानंतर पहिल्यांदा.

"मी काय करू ते एकदा सांगा, कांग. डोंगरावर जाऊन काही आणू? कुणाच्या पाया पडू? मरायचं असेल तर तसं सांगा. निदान मी रोज मिरच्या वाटणं तरी थांबवते."

कासमुरीनं तिच्याकडे बघितलं. मग त्यानं आल्यापासूनचं पहिलं धड वाक्य उच्चारलं.

"जवळा काय खातो, तुला ठाऊक आहे?"

"मी डोंगरातली. मला काय ठाऊक?"

"बरंय," तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

तिला वाटलं, ह्याचं डोकंही चाललं. पण तो प्रश्न काही तिला सोडेना. संध्याकाळी शेजारची यू साप्तारी जाळं झटकत होती. छातीभर पाण्यात उभं राहून जवळा धरण्यात तिचा जन्म गेलेला. वारसितीनं तिला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जवळा? त्याला काय, मिळेल ते," साप्तारी म्हणाली. "तळाला जे जाऊन कुजतं त्यावर जगतो तो. एकदा पुरात म्हशी वाहून आल्या होत्या, त्या वर्षी जवळ्यानं जाळी उचलवत नव्हती बघ. का गं?"

"काही नाही. उगीच."

वारसिती घरी आली आणि चुलीपुढे बसली. चूल पेटवायची तिला सुधरेना. ओसरीवर वड्या वाळत होत्या, फळीवर बरण्या होत्या, पालथ्या ताटाशेजारच्या वाटीत तिनंच वाटलेलं सांबाल होतं. इतके दिवस आपण त्या माणसाच्या नाकाशी काय धरत होतो, हे तिला आता कळलं. जन्मभर समुद्रावर जगलेल्या या गावाला ते माहीत होतं आणि कुणाला म्हणून सुचलं नव्हतं. सांबालात तेरासी नसेल असं त्यांच्या मनातच येत नव्हतं.

तेरासी गाळायची, एवढंच करायचं होतं. पण माकच्या घरात ते एवढंच नव्हतं. तेरासी का नाही, असं माक विचारणार. त्याचं उत्तर एकच होतं, तुझा धाकटा समुद्राच्या तळाशी आहे. आईला हे कोण सांगणार? सुनेनं सांगायचं? वारसितीनं ठरवलं, गुपचूप करू. माक वड्या उलटायला बाहेर गेलेली बघून तिनं मोठ्या चोबेकात मिरच्या, कांदा, टोमॅटो घेतला, भराभरा वाटलं आणि भात घेऊन गेली.

"तेरासी नाही घातली, कांग."

कासमुरीनं तिच्याकडे चमकून बघितलं. मग घास घेतला. त्यानं चावलं, थांबला, आणि घास हातात काढून ठेवला.

"आहे," तो म्हणाला.

"नाही हो. शपथ घेते."

"आहे, वारसिती."

ती चोबेकापाशी धावली. पाण्यानं धुतला, राखेनं घासला, नाक लावलं. खरंच होती. माकच्या सासूपासूनचा तो चोबेक. दोन जन्मांची तेरासी त्या दगडात मुरलेली. दगड घासून निघणार नव्हता. तिला तो उचलून आपटावासा वाटला. त्याऐवजी तिनं गुडघ्यात डोकं घातलं आणि हमसून हमसून रडली. आता आपल्या हातात काही राहिलं नाही, हा माणूस आपल्यादेखत जाणार, असं तिनं मनाशी धरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासमुरी तोंड धुवायला विहिरीवर गेला आणि तिथेच कोसळला. साप्तारीनं आणि वारसितीनं त्याला दोन्हीकडून धरून आणलं. दोन बायांनी उचलावा इतका तो हलका झाला होता. साप्तारी जाताना तिच्या कानाशी म्हणाली, "ह्याच्या भावांपैकी कुणाला कळवायचं असेल तर कळवून ठेव." मग तिला आठवलं की भाऊ एकच होता, आणि ती खाली मान घालून गेली.

वारसिती पाणी आणायला परसात आली. बदकं काळ्या दगडाच्या वाडग्यात चोच घालत होती. ती तिथेच उभी राहिली. मग तिनं बदकांना हाकललं, पाणी ओतलं आणि आपला चोबेक उचलला.

तो शेवाळानं हिरवा झाला होता. तिनं नारळाच्या काथ्यानं घासला. मूठभर तांदूळ घालून वाटले, ते करडे निघाले, फेकले. ओलं खोबरं वाटलं, तेही फेकलं. पुन्हा तांदूळ. पीठ पांढरं निघेस्तोवर ती उठली नाही. माकचा वरवंटा तिला चालणार नव्हता. नवी पेरूची फांदी तोडून, सोलून तिचाच वरवंटा केला. विळीलाही वास होता, म्हणून लसूण हातानंच चेचला. तेल नवं, कढई शेजारून आणलेली. हे सगळं ती भर सकाळी, उघड्या परसात करत होती. लपवायचं त्राण आता तिच्यात उरलं नव्हतं.

माक ओसरीवरून उठून मागे आली.

"हे काय चाललंय? बदकांच्या भांड्यात?"

"सांबाल करते, माक."

"तेरासी कुठाय?"

वारसिती मीठ घालून वाटत राहिली.

"मी विचारते, तेरासी कुठाय? पोर माझा मरणाच्या दारात, आणि तू त्याला शेळ्यांचं खायला घालतेस? माझ्या तेरासीत काय वाईट आहे?"

"तुमच्या तेरासीत काहीच वाईट नाही, माक." वारसितीनं कढत तेल ओतलं. लसूण चरचरला. "त्यांना ती जात नाही. जवळा काय खातो ते त्यांनी मला विचारलं होतं."

एवढंच ती म्हणाली. याच्या पुढचं तिच्यानं बोलवलं नाही आणि त्याची गरजही पडली नाही. तेरासीवाल्या बाईला जवळा काय खातो ते सांगावं लागत नाही. माकचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

वारसिती चोबेकासकट आत गेली. भाताचा लहानसा गोळा, वर सांबाल. कासमुरीनं वास घेतला. डोळे मिटून घास तोंडात घातला. चावला. मिरची लागली तसा त्याच्या कपाळावर घाम आला, नाक वाहायला लागलं. तिनं परसाकडची वाट मोकळी ठेवली होती, पण तो उठला नाही. त्यानं गिळलं. तिला त्याचा गळा वर जाऊन खाली येताना दिसला. मग त्यानं आपला हात ताटात घातला आणि दुसरा घास स्वतः केला.

माक आत आली आणि समोर बसली. म्हातारीनं चोबेकाला बोट लावलं, चाटलं, आणि बोट तसंच तोंडात राहू दिलं.

"धाकट्याला आवडायचं हे," ती म्हणाली. "वाटी घेऊन मागच्या दारानं जायचा. मला काय दिसत नव्हतं होय."

कासमुरीचा घास हातातच थांबला. त्यानं आईकडे बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं.

"माक, मी त्याचा हात..."

"जेव," माक म्हणाली. "आधी जेव. ते मग सांग. मी ऐकेन."

ती उठली. भिंतीशी जुवादीचं ताट पालथं होतं, शेजारी कालचं सांबाल. वाटी तिनं बाजूला सारली. ताट उलटं करून उताणं केलं, पदरानं पुसलं, त्यात भात वाढला आणि वर चोबेकातलं सांबाल घातलं.

"पोरी, मोदिनला निरोप धाड," ती वारसितीला म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, जवळ्याचा भाव सांगावा तसा. "तहलीलच्या जेवणाला हेच करायचं. गावानं मला नावं ठेवली तरी चालेल. थोरल्यालाही जेवता आलं पाहिजे."

"हो, माक."

मग तिनं ते ताट कासमुरीपुढे केलं. ताट कुणाचं आहे ते त्याला ठाऊक होतं. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं, मांडीवर ठेवलं आणि जेवायला लागला. रडत होता आणि जेवत होता. ताट रिकामं होईपर्यंत माक समोरून हलली नाही. शेवटचं शीत उचललं गेल्यावर तिनं ताट त्याच्या हातातून घेतलं, धुतलं, आणि पालथं न घालता फळीवर बाकीच्या ताटांत ठेवलं.